मोफत वकिलाचा अर्ज आणि जामीनदार: आतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही

पोरगा कोठडीत आणि बाप सेतूच्या रांगेत. का, तर गावात कुणीतरी सांगितलं की सरकारी मोफत वकील हवा असेल तर आधी उत्पन्नाचा दाखला काढ. मग तलाठ्याचा अहवाल, तहसीलदारांची सही, मध्ये शनिवार-रविवार आणि सर्व्हर बंद. दहा-बारा दिवस असेच गेले. तेवढ्यात पोलीस कोठडी संपून एमसीआर (न्यायालयीन कोठडी) झाला आणि पोराच्या बाजूने कोर्टात कुणी उभंच राहिलं नाही. तो दाखला मुळात लागतच नव्हता.

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा. त्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो ते दिलंय. अनुसूचित जाती किंवा जमातीची व्यक्ती, स्त्री, मूल, दिव्यांग, औद्योगिक कामगार, पूर-दुष्काळासारख्या आपत्तीत सापडलेला, वेठबिगारी किंवा मानवी तस्करीचा बळी, कोठडीत असलेली व्यक्ती, आणि शेवटी कमी उत्पन्नाची व्यक्ती. यातलं कुठलंही एक बसलं की पुरे. लोक ही यादी वाचतात आणि सगळ्याच अटी एकदम पुऱ्या करायला निघतात. आपल्याकडे तर काही बाबूही तशीच वाचतात. जो आत आहे तो आत आहे, एवढीच त्याची पात्रता. त्याच्या नावावर वीस एकर केळी असली तरी अर्ज नाकारता येत नाही.

उत्पन्नाचा प्रश्न येतो तो बाहेर असलेल्यांना. समजा पोलिसांनी अटक न करता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या (बीएनएसएस) कलम ३५ ची, म्हणजे ठाण्यात हजर राहा अशी नोटीस दिली आहे, किंवा जामिनावर सुटून तारखा चालू आहेत. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख आहे. इथेही तहसीलचाच दाखला हवा असं नाही. त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे उत्पन्नाबद्दलचं तुमचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं, फक्त प्राधिकरणाला त्यावर अविश्वास ठेवायला काही कारण नसावं. खिडकीवरचा माणूस “दाखला आणा” म्हणाला तर शांतपणे “साहेब, कलम १३, प्रतिज्ञापत्र देतो” म्हणा. भांडू नका, भांडून त्या खिडकीवर कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. आदिवासी बांधवांनाही नाही. त्यांना जातीचा दाखला लागतो, जात वैधता नाही. वैधता नोकरी, निवडणूक आणि ॲडमिशनसाठी. अक्कलकुव्याहून आलेल्या एका आजोबांना वैधतेसाठी परत पाठवलेलं मी स्वतः पाहिलंय. त्या दिवशी परतीची शेवटची एसटीही चुकली त्यांची.

अर्ज कुठे करायचा? जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याच्या कोर्टात तालुका समिती असते. कारागृहातूनही अर्ज देता येतो, आणि १५१०० हा फोन नंबर फुकट आहे. साध्या कागदावर मराठीत लिहिलेला अर्ज चालतो, लिहिता येत नसेल तर तिथले लोक लिहून घेतात. फौजदारी खटल्यासाठी आता बऱ्याच जिल्ह्यांत लोकअभिरक्षक कार्यालयं आहेत, तिथले वकील पूर्णवेळ हेच काम करतात. अर्जावर निर्णय सात दिवसांत व्हायला हवा. नाकारला तर लेखी मागा, “नाही होत” हे तोंडी उत्तर घेऊन घरी जाऊ नका. लेखी असेल तर अध्यक्षांकडे, म्हणजे जिल्हा न्यायाधीशांकडे, अपील करता येतं. आणि नेमून दिलेला वकील टायपिंगचे, झेरॉक्सचे, “साहेबांचे” म्हणून पैसे मागू लागला तर देऊ नका. त्याला मेहनताना प्राधिकरण देतं. तक्रार प्राधिकरणाच्या सचिवांकडे करा, दुसरा वकील मागता येतो.

आता तारखांबद्दल. अटकेनंतर चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर हजर करायचं हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ मध्येच आहे. धडगावच्या डोंगरातून खाली आणायला लागणारे तास वजा होतात, ठाण्यात बसवून ठेवलेले तास होत नाहीत. “चौकशीला नेलंय, अटक नाही” असं सांगितलं असेल तर नेल्याची वेळ आणि कुणासमोर नेलं ते लिहून ठेवा. अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत द्यायला हवीत, आणि कोर्टात उभं करण्याच्या किमान दोन तास आधी तरी, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलंय. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या माणसाला टाइप केलेल्या मराठी कागदावर अंगठा द्यायला लावला, तर त्याला ते समजलं असं धरायचं का, हा प्रश्न वकिलाने रिमांडच्याच दिवशी विचारायला हवा. त्यासाठीच पहिल्या दिवसापासून वकील हवा. कोऱ्या कागदावर सही-अंगठा मात्र कुणालाच देऊ नका, ओळखीच्या हवालदारालासुद्धा.

सगळ्यात जास्त चुकतं ते साठ-नव्वद दिवसांचं गणित. दोषारोपपत्र वेळेत आलं नाही तर जामीन हा हक्क होतो. फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात नव्वद दिवस, बाकीच्यांत साठ. (गांजा वीस किलोच्या वर सापडलेला असेल तर हे गणितच वेगळं, तिथे १८० दिवस.) मोजणी अटकेच्या दिवसापासून नाही, कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिली त्या दिवसापासून, आणि तो दिवस धरून. तीन मार्चला अटक, चार मार्चला रिमांड, तर साठावा दिवस दोन मे. “दोन महिने” म्हणून चार मेपर्यंत थांबलेले लोक मी पाहिलेत. तीन मेच्या सकाळी अर्ज कोर्टात पडला पाहिजे. पोलिसांनी आधी दोषारोपपत्र दाखल केलं आणि तुमचा अर्ज त्यानंतर गेला, तर हक्क गेला. कोर्ट आपणहून सोडत नाही, मागावं लागतं. तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा आणि वकिलाला आठवडाभर आधी फोन करा, त्याच्याकडे अशी चाळीस कॅलेंडरं असतात.

अजून एक. ज्याचा हा पहिलाच गुन्हा आहे त्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश इतका काळ कच्च्या कैदेत काढला असेल, इतरांनी निम्मा, तर सुटकेसाठी कोर्टाला कळवायची जबाबदारी कारागृह अधीक्षकांची आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त खटले असलेले यात येत नाहीत. जबाबदारी त्यांची असली तरी तुम्ही अर्ज देऊन आठवण करा.

आणि आता खरी अडचण. “जामीन जाया ना, मंग पोऱ्या घर काबर नही उना?” (जामीन झाला ना, मग पोरगा घरी का नाही आला?) हा प्रश्न मला दर आठवड्याला ऐकू येतो. जामीन मंजूर होणं वेगळं, सुटणं वेगळं. हुकमात लिहिलेलं असतं, “पंधरा हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार.” जातमुचलका म्हणजे आरोपीची स्वतःची हमी, त्यावर सही झाली की काम झालं. जामीनदार हा दुसरा माणूस. त्याच्याकडून आधार, सातबारा किंवा घरपट्टीची पावती, काही ठिकाणी तहसीलचा ऐपतीचा दाखला मागतात. इथे खानदेशातले कागद अडतात. सातबारा मेलेल्या आजोबांच्या नावावर, वारसनोंद झालेलीच नाही. सातबाऱ्यावर ‘वसावे’, आधारवर ‘वसावा’. वनपट्टा आहे, पण तो विकता येत नाही म्हणून ऐपतीत धरत नाहीत. आणि ज्याच्याकडे सगळं धड आहे तो मामा सुरतला किंवा सेंधव्याला.

मामाला घेऊन या. परगावचा, परराज्यातला जामीनदार म्हणून नाकारणं चूक आहे हे सुप्रीम कोर्टाने १९७८ सालीच मोतीराम खटल्यात सांगितलं. तिथला आरोपी गवंडी होता, आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून जामीन अडवला होता. २०२३ मध्येही कोर्टाने पुन्हा सांगितलं की स्थानिक जामीनदाराचा आग्रह धरू नका. नावातल्या फरकासाठी ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र करून न्या. वारसनोंदीच्या मागे आत्ता लागू नका, तिला महिने लागतात. घरपट्टी ज्याच्या नावावर आहे असा चुलता शोधा.

कुणीच मिळालं नाही तर? गुन्हा जामीनपात्र असेल आणि अटकेनंतर आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं कोर्टाने धरावं आणि जातमुचलक्यावर सोडावं, अशी तरतूद कायद्यातच आहे. गुन्हा अजामीनपात्र असेल तर अट शिथिल करा किंवा जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरू द्या, असा अर्ज करायचा. जामीन मिळूनही सात दिवसांत माणूस सुटला नाही तर कारागृहाने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं, आणि महिना उलटला तर कोर्टाला आपणहून अटी बदलता येतात. हेही २०२३ च्या त्याच निर्देशांमध्ये आहे. केंद्र सरकारची गरीब कैद्यांना मदतीची योजनाही त्याच वर्षीची, तीत जामिनाची रक्कम भरायला साहाय्य मिळू शकतं. सचिवांकडे नाव घेऊन विचारा, सहसा कुणी आपणहून सांगत नाही.

कोर्टाच्या आवारात चहाच्या टपरीवर “जामीनदार देतो, चार हजार” म्हणणारे भेटतील. त्यांचा सातबारा खोटा निघाला की जामीन रद्द होतो आणि वर फसवणुकीचा नवा गुन्हा लागतो, तोही बहुतेक वेळा आरोपीच्या घरच्यांवर.

पोरगा अठराच्या आतला असण्याची शक्यता असेल तर शाळेचा दाखला लगेच काढा. आपल्या पाड्यांवर अर्ध्या पोरांची जन्मतारीख गुरुजींनी एक जून लिहिलेली असते, ती खरी असो नसो, बाल न्याय कायद्यात शाळेच्या नोंदीला आधी किंमत आहे. वयाचा मुद्दा खटल्यात कधीही काढता येतो, पण लवकर काढला तर तेवढे दिवस मोठ्यांच्या तुरुंगात जात नाहीत.

प्राधिकरणात येताना फाइल नसली तरी चालेल. आरोपीचं पूर्ण नाव, पोलीस ठाणं, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), अटकेची तारीख आणि पहिल्या रिमांडची तारीख, एवढं एका चिठ्ठीवर लिहून आणा. गु.र.नं. माहीत नसेल तर ठाण्यातून एफआयआरची प्रत मागा. आणि या कामासाठी सोमवार टाळा, त्या दिवशी सगळ्यांनाच यायचं असतं.