गुप्तदानाची परंपरा आणि होळकरांची खासगी

दान देताना देणाऱ्याच्या मनात संकोच असावा, ही अपेक्षा आपल्याकडे फार जुनी आहे. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत विद्या पुरी झालेल्या शिष्याला गुरू 'श्रद्धया देयम्' असे सांगतो आणि त्याच ओघात 'ह्रिया देयम्' असेही बजावतो. श्रद्धेने द्यावे, पण लाजत द्यावे. दिलेल्या दानाची वाच्यता केल्याने ते क्षय पावते, असे मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात म्हटले आहे. परतफेडीची आशा न धरता, योग्य स्थळी, योग्य काळी, योग्य व्यक्तीला दिलेल्या दानाला गीतेने सात्त्विक म्हटले, ज्ञानेश्वरांनी तो विचार मराठीत आणला, आणि तुकोबांनी 'उदास विचारें वेच करी' या चार शब्दांत तो संसारी माणसाच्या हाती दिला.

या परंपरेत नाव मुळीच उच्चारायचे नाही, असे मात्र नाही. दानाचा संकल्प सोडताना यजमान आपले नाव आणि गोत्र स्पष्ट उच्चारतो, परंतु ते देवापुढे. हातावरचे पाणी सोडून 'न मम' म्हटले की त्या वस्तूशी त्याचा संबंध संपतो. संक्रांतीला तिळगुळाच्या लाडवात नाणे दडवून देण्याची चाल आजही अनेक मराठी घरांत पाळली जाते, आणि तिच्यात देणारा समोर असतो, फक्त दान झाकलेले असते. देवळाच्या दानपेटीत याच्या नेमके उलट घडते; तेथे दान दिसते, दाता दिसत नाही. गुप्तदान या एकाच नावाखाली या दोन्ही रीती नांदत आल्या आहेत.

इंदूरच्या मराठी माणसापुढे या विषयात पहिले नाव येते ते अहिल्याबाई होळकरांचे, आणि ते येणे योग्यच आहे. काशीविश्वनाथापासून सोमनाथापर्यंत त्यांनी बांधलेली मंदिरे आणि घाट सर्वांच्या डोळ्यांसमोर असताना त्यांना गुप्तदानी कसे म्हणावे, असा प्रश्न कोणी विचारू शकेल. परंतु कारभार हाती घेतल्यावर त्यांनी होळकरांच्या खजिन्यावर तुळशीपत्र ठेवून तो धर्मकार्याला वाहिला, आणि त्यांच्या आज्ञापत्रांवर स्वतःच्या नावाऐवजी श्रीशंकराची आज्ञा असे, हे ध्यानात घेतले की त्यांच्या दानातला कर्ता कोण होता ते कळते. १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानविषयक ग्रंथात ब्रिटिश अधिकारी जॉन माल्कम यांनी त्यांची एक हकिगत नोंदवली आहे. एका ब्राह्मणाने बाईंच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण एक दुबळी, पापी स्त्री आहोत, एवढ्या स्तुतीला पात्र नाही, असे म्हणून तो नर्मदेत टाकायला लावला, आणि पुढे त्या ग्रंथकर्त्याची दखलही घेतली नाही. उन्हाळ्यात वाटसरूंना पाणी देण्यासाठी रस्त्यांवर नेमलेली माणसे, थंडीच्या आरंभी अशक्तांना वाटलेले कपडे, महेश्वराजवळ नांगराच्या बैलांना थांबवून पाजलेले पाणी, पाखरांना चरता यावे म्हणून विकत घेतलेली उभी पिके, या गोष्टीही माल्कमनेच लिहून ठेवल्या आहेत. माझ्या मते मंदिरांपेक्षा या दानांत त्यांची श्रद्धा अधिक स्वच्छ दिसते, कारण बैल किंवा पाखरू कोणाचे नाव घेत नाही.

हा खर्च चालला तो मुख्यत्वे 'खासगी'तून. थोरल्या बाजीरावांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी, म्हणजे अहिल्याबाईंच्या सासू, गौतमाबाई यांना वेगळी खासगी जहागीर दिली होती, आणि तिचे उत्पन्न राज्याच्या दौलतीत मिसळत नसे. दाती स्वतःकडे श्रेय घेत नसली तरी खासगीला तिचे कारकून होते आणि जमाखर्च होता. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर या धर्मादाय मालमत्तांसाठी १९६२ साली इंदुरात खासगी न्यास स्थापन झाला, आणि २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा न्यास मध्य प्रदेशच्या १९५१ च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाच्या कक्षेत येतो असा निर्णय दिला.

आजच्या दात्याला या इतिहासातून एक व्यावहारिक प्रश्न येऊन भिडतो. २००६ च्या वित्त अधिनियमाने आयकर कायद्यात निनावी देणग्यांविषयी तरतूद आणली. निनावी देणग्यांवर संस्थेला ३० टक्के कर लागू झाला (एकूण देणग्यांचे ५ टक्के किंवा १ लाख रुपये यांपैकी जी रक्कम मोठी, तिच्यापर्यंतची सूट २००९ साली आली), मात्र निव्वळ धार्मिक न्यासांना त्यातून वगळले, त्यामुळे देवळाची दानपेटी पूर्वीसारखीच राहिली. शाळा किंवा रुग्णालय चालवणाऱ्या संस्थेला गुपचूप मदत करणाऱ्यांना हा कायदा आपल्या भावनेविरुद्ध वाटतो, आणि त्यांची अस्वस्थता खरी आहे. पण कायद्याच्या दृष्टीने निनावी देणगी म्हणजे जिच्या दात्याचे नाव आणि पत्ता संस्थेच्या नोंदीत नाही अशी देणगी. ती नोंद संस्थेच्या वहीत ठेवून फलकावर, यादीत किंवा व्यासपीठावर नाव न घेण्याची अट दात्याने घातली, तर त्यास या तरतुदीची आडकाठी नाही.