गेमिंग संगणकातील एसएसडी आणि हार्ड डिस्क

गेम ठेवायला फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क घ्यायची की चिपवर चालणारी एसएसडी, हा एके काळी ऐपतीचा प्रश्न होता. आता गेमच तो सोडवून टाकतात. ‘स्टारफील्ड’ आणि ‘बाल्डर्स गेट ३’ या २०२३ मधल्या गेमच्या किमान गरजांच्या यादीतच एसएसडी आहे. ‘सायबरपंक २०७७’नेही त्याच वर्षी आपल्या यादीतून हार्ड डिस्कला रजा दिली.

मूळ अडचण यांत्रिक आहे. मिनिटाला ७,२०० वेळा फिरणाऱ्या तबकडीला एका फेऱ्यासाठी ८.३ मिलिसेकंद लागतात. म्हणजे हवी ती जागा माहिती वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी चार, आणि त्याआधी हेडला योग्य पट्ट्यावर सरकायला आठ-नऊ. एक विखुरलेला तुकडा उचलायला असे बारा-तेरा मिलिसेकंद जातात. सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या गेममध्ये एका चित्राच्या वाट्याला १६.७ मिलिसेकंदच येतात. एसएसडीत हलणारे काहीच नसल्याने तोच तुकडा मिलिसेकंदाच्या छोट्याशा अंशात मिळतो. मोठा सिनेमा कॉपी करताना हार्ड डिस्क सेकंदाला दीडशे-दोनशे एमबी सहज देते. तिची दमछाक होते ती गेम हजारो बारीक तुकडे मागू लागला की.

यावर गेम बनवणाऱ्यांनी काढलेली शक्कल मजेशीर होती. शहरातल्या प्रत्येक चौकाची माहिती सलग ठेवायची, मग एकच कचऱ्याचा डबा प्रत्येक चौकाच्या गठ्ठ्यात पुन्हा कोंबायचा. हेडची धावपळ वाचते, जागा मात्र उधळली जाते. ‘स्पायडर-मॅन’मध्ये काही माहिती तब्बल ४०० वेळा साठवलेली होती, असे प्लेस्टेशन ५ चे रचनाकार मार्क सर्नी यांनी मार्च २०२० मध्ये सांगितले. ‘हेलडायव्हर्स २’ची पीसी आवृत्तीही अशीच फुगली होती. डिसेंबर २०२५ मध्ये या नकला काढल्यावर ती सुमारे १५४ जीबीवरून २३ जीबीवर आली. हार्ड डिस्कवाल्यांच्या सोयीचे ओझे तोवर एसएसडीवालेही वाहत होते.

एसएसडीने फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या, वाढत नाही. ते काम ग्राफिक्स कार्डाचे आणि प्रोसेसरचे. धावताना पुढचा रस्ता वेळेवर न आल्याने बसणारे झटके मात्र कमी होतात. लोडिंगचा दोषही दर वेळी डिस्कचा नसतो. ‘जीटीए ऑनलाइन’ सुरू व्हायला मिनिटेच्या मिनिटे लागत, कारण सुमारे १० एमबीची एक यादी प्रोसेसर अत्यंत वेंधळ्या पद्धतीने वाचत होता. एका खेळाडूने हे शोधून काढले आणि मार्च २०२१ मध्ये दुरुस्ती झाली.

साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, एनव्हीएमई या नव्या, वेगवान प्रकारातली चौथ्या पिढीची एसएसडी ७,००० पर्यंत जाते. खोक्यावरचा हा तेरापट फरक बहुतेक गेममध्ये काही सेकंदांपुरताच उरतो. डायरेक्टस्टोरेज हे तंत्र त्याचा पुरा फायदा घेण्यासाठी आले. ते वापरणारा पीसीवरचा पहिला गेम ‘फोरस्पोकन’ जानेवारी २०२३ चा. त्यामुळे पैसे मोजकेच असतील तर आकड्याच्या मागे न लागता क्षमता वाढवून घ्यावी, कारण काठोकाठ भरलेली स्वस्त एसएसडी लिहिताना चांगलीच मंदावते.

हार्ड डिस्क घरातल्या माळ्यासारखी उपयोगी पडते. जुने गेम आणि खेळाची रेकॉर्डिंग तिच्यावर टाकावीत. खेळायची लहर आली की स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या ॲपमधून तो गेम पुन्हा डाउनलोड न करता एसएसडीवर हलवता येतो.