लायब्ररीतला प्राणी-गोष्टींचा तास

लायब्ररीत दीड ते सहा वर्षांच्या मुलांना एकत्र बसवून एखाद्या प्राण्याभोवती गोष्टी, बडबडगाणी आणि शेवटी हाताने करायचं काहीतरी, असा जो कार्यक्रम आखतात तो हा तास. नाव तास असलं तरी चालतो कमीच. दुडदुडणाऱ्या मुलांसाठी वीस मिनिटं, तीनच्या पुढच्यांसाठी अर्धा तास, आणि हस्तकलेला वर दहा-पंधरा मिनिटं.

हे सुरू कुठे झालं याबद्दल एकमत नाही. बरेच जण अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या कार्नेगी लायब्ररीचं नाव घेतात, तिथे 1899 पासून गोष्टींचे तास ठरवून व्हायला लागले. काहींच्या मते मान अमेरिकेतल्याच हार्टफर्डच्या ग्रंथपाल कॅरोलाइन ह्युइन्स यांचा, कारण त्या 1880च्या दशकातच मुलांना गोळा करून मोठ्याने वाचून दाखवत होत्या, पण मोठ्याने वाचणं आणि आखलेला कार्यक्रम या दोन गोष्टी वेगळ्या धरल्या तर पिट्सबर्गचं पारडं जड वाटतं. इंग्लंडहून आलेल्या मारी शेडलॉक यांनी 1900च्या सुमारास अमेरिकेत गोष्टी सांगितल्या आणि त्या ऐकून ग्रंथपालांमध्ये या कामाची हौस पसरली, एवढं मात्र सगळेच मान्य करतात. पण हे सगळे तास शाळेत जाणाऱ्या मुलांचे होते. शाळेआधीच्या मुलांसाठी वेगळे तास 1930च्या दशकात आले, त्यात डेट्रॉइटच्या लायब्ररीचं नाव 1935च्या आसपास येतं. आणि दोन-अडीच वर्षांच्या मुलांना आईबाबांच्या मांडीवर बसवून घ्यायची पद्धत तर बरीच नंतरची, साधारण 1970-80 नंतर रुळलेली.

मग हस्तकला कुठून आली? ती लायब्ररीची नाहीच, बालवाडीकडून आलेली आहे असं मानणं जास्त पटतं. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी 1837 मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी जी शाळा काढली, जिला 1840 मध्ये किंडरगार्टन हे नाव मिळालं, तिथे कागदाच्या घड्या, विणकाम, कातरकाम, माती हे सगळं रोजच्या कामात होतं. त्यांनी 1844 मध्ये मुलांच्या मातांसाठी काढलेल्या गाण्यांच्या पुस्तकात बोटांचे खेळ आहेत, आणि त्यात कबुतरांचं खुराडं, ओढ्यातला मासा, कोंबडीची पिल्लं, घरटं असे विषय आहेत. म्हणजे बोटांनी प्राणी करायचा, गाणं म्हणायचं, मग हाताने काही घडवायचं ही साखळी लायब्ररीतल्या तासाच्या निदान पन्नास वर्षं आधीची. आज लायब्ररीत बोटांचे खेळ घेतले जातात त्यात फ्रोबेलचा मोठा वाटा आहे, ग्रंथालयांच्या इतिहासात याची दखल फार कमी घेतली जाते.

दुसरा वाद बोलणाऱ्या प्राण्यांचा. गोष्टीत अस्वल शर्ट घालतं, शाळेत जातं, रुसतं. मुलांना ते आवडतं यात शंका नाही, पण शिकायला मदत होते का? मुलांच्या शिकण्याचा अभ्यास करणाऱ्या पॅट्रिशिया गनिया आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये केव्ही (गिनीपिगच्या जातीचा प्राणी), हँडफिश (एक मासा), ऑक्सपेकर (एक पक्षी) असे मुलांना अजिबात माहीत नसलेले प्राणी घेऊन पाहिलं, तर प्राणी माणसासारखे दाखवले की मुलं प्राण्याबद्दलची खरी माहिती कमी उचलतात आणि खऱ्या प्राण्यालाही माणसाचे गुण चिकटवतात असं निघालं. त्याच गटाच्या नंतरच्या अभ्यासात, वाटून घेण्याची गोष्ट माणसांची असली तर मुलं आपल्याकडचं इतरांना जास्त देतात, प्राण्यांची असली तर तेवढं नाही असं दिसलं. यावरून काही जण बोलणारे प्राणी काढूनच टाका म्हणतात. तेवढं टोक गाठायची गरज वाटत नाही. गंमत म्हणून ते हवेतच. पण माहिती द्यायची असेल तर एका बोलक्या प्राण्याच्या पुस्तकाला खऱ्या फोटोंच्या पुस्तकाची जोड द्यावी, आणि फोटोंचं पुस्तक आधी नको, मध्ये ठेवावं, कारण सुरुवातीला मुलांना गोष्ट हवी असते.

आखणी पुस्तकापासून सुरू होते, हस्तकलेपासून नाही. सुंदर दिसणारा एखादा कागदी हत्ती सापडला म्हणून हत्तीचा विषय घेतला की तास हमखास फसतो, कारण मग पुस्तकं मिळेल ती उचलली जातात. विषयही ‘प्राणी’ असा सैल ठेवू नये, ‘रात्री जागणारे’, ‘घर पाठीवर वाहणारे’ असा बारीक घ्यावा. तीन पुस्तकं निवडावीत, सगळ्यात लांब पहिलं, तेव्हा मुलं ताजी असतात, आणि दोन पुस्तकांमध्ये उभं राहून बेडकासारख्या उड्या किंवा बगळ्यासारखं एका पायावर उभं राहणं. चौथं पुस्तक हाताशी असू द्यावं, पण वाचलंच पाहिजे असं नाही. वाचताना मुलांना विचारत विचारत जाणं याला मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या 1988 च्या अभ्यासाचा आधार देतात. तो अभ्यास घरी एका मुलासोबत वाचण्याचा होता, पंधरा मुलांच्या घोळक्यात प्रत्येक पानावर थांबलात तर गोष्टच हातची जाते. एका पुस्तकात दोन-तीन थांबे पुरेत.

हस्तकलेत प्राण्याची एक तरी गोष्ट खरी असावी. कोळी घ्या. तयार नमुन्यांमध्ये एक मोठा गोल आणि त्याला चारी बाजूंनी पाय असतात, पण कोळ्याच्या शरीराचे दोन भाग असतात आणि आठही पाय पुढच्या भागाला असतात. म्हणून दोन गोल कापायचे, एक लहान एक मोठा, आणि पंख्यासारख्या घड्या घातलेल्या आठ पट्ट्या लहान गोलाला चार-चार अशा चिकटवायच्या. चार वर्षांचं मूल पट्टी लावताना मोजतं, सहावर थांबतं, परत पहिल्यापासून मोजतं, आणि त्या मोजण्यात जे शिकणं होतं ते आपण सांगून होणार नाही. फुलपाखराला कागद मधोमध दुमडून एका बाजूला रंग टाकून दाबायचं हा जुना प्रकार अजूनही उत्तम, दोन्ही पंख सारखे का हे मुलांना लगेच दिसतं, फक्त रंग वाळायला वेळ लागतो म्हणून तो प्रकार गोष्टींच्या आधी उरकावा, नाहीतर ओला कागद घरी नेताना सगळ्यांचे कपडे रंगतात. मुखवटे टाळलेले बरे, दोन-तीन वर्षांची बरीच मुलं झाकलेल्या चेहऱ्याला घाबरतात, त्याऐवजी कानांची पट्टी डोक्याला बांधावी.

कातरकाम वयाप्रमाणे. तीनच्या आसपास मूल नुसतं कचाकच काप घेतं, रेघेवर कापणं पुढे जमतं, तेव्हा लहानांना तुकडे कापून द्यावेत. डावखुऱ्यांसाठी वेगळी कात्री हवीच. हलणारे प्लॅस्टिकचे डोळे आणि लोकरीचे गोंडे तीनखालच्यांना देऊ नयेत. अमेरिकी नियमात या वयासाठी 31.7 मिलिमीटर व्यासाच्या नळीत मावेल तो तुकडा धोक्याचा धरतात, म्हणजे बाजारातले जवळजवळ सगळे डोळे त्यात बसतात. डोळे पेनाने काढले तरी प्राणी बघतोच.

खरे प्राणी आणण्याबद्दल ग्रंथपालांची मतं वेगवेगळी आहेत. कोंबडीची पिल्लं, कासवं आणि सरपटणारे प्राणी यांच्याकडून साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो म्हणून पाच वर्षांखालच्या मुलांनी ते हाताळू नयेत असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचं सांगणं आहे, तिथे दहा सेंटिमीटरपेक्षा लहान कवचाची कासवं विकायला 1975 पासून बंदीही आहे. आणायचेच असतील तर लांबून बघायचे, आणि साबणाने हात धुतल्याशिवाय कोणी पुस्तकाला किंवा गोंदाला हात लावायचा नाही.

दीड वर्षाखालच्या बाळांसाठी प्राण्यांचे आवाज, मांडीवरचा घोडा-घोडा आणि जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक एवढंच करतात, हस्तकला नसते.