वीतभर बर्फ, सातशे किलोमीटरवरून

८ ऑक्टोबर २००५ रोजी रशियातल्या प्लेसेत्स्क तळावरून क्रायोसॅट हा युरोपीय उपग्रह निघाला. आर्क्टिक महासागरावर तरंगणाऱ्या बर्फाची जाडी मोजायची, हे त्याचं काम. रॉकेटचा दुसरा टप्पा वेळेवर बंद झाला नाही आणि उपग्रह रॉकेटसकट कोसळला, तोही नेमका आर्क्टिक महासागरातच! युरोपीय अंतराळ संस्थेने तो पुन्हा बांधला. ८ एप्रिल २०१० रोजी क्रायोसॅट-२ कक्षेत पोचला.

सुमारे ७१७ किलोमीटर उंचीवरून त्याचं रडार खाली लहरी सोडतं. ढग असोत वा ध्रुवावरची सहा महिन्यांची रात्र, लहर जाते आणि पाच मिलिसेकंदांच्या आत परत येते. पण खारट बर्फ भेदून ती तळापर्यंत पोचत नाही. मग जाडी कळते कशी?

बर्फाला जागोजागी भेगा पडतात आणि त्यांत पाणी उघडं पडतं. हे संथ पाणी आरशासारखं असल्याने त्याचा प्रतिध्वनी तीव्र आणि टोकदार येतो. खडबडीत बर्फाचा पसरट येतो. दोन्हींच्या उंचीतला फरक म्हणजे पाण्यावर डोकावणारा बर्फ. पुढचं काम आर्किमिडीजचं. बर्फाचा जेमतेम नववा-दहावा हिस्सा पाण्यावर असतो, म्हणून वर वीतभर दिसला तर एकूण जाडी दोन मीटरच्या आसपास. अर्थात चूकही तितक्याच पटीने वाढते: वर एका सेंटिमीटरची, तर जाडीत जवळपास दहाची.

खरी डोकेदुखी मात्र वर साचलेल्या भुसभुशीत हिमाची. मराठीत आपण दोन्हींना बर्फच म्हणून मोकळे होतो. इथे तसं चालत नाही. हिमाच्या ओझ्याने बर्फ खाली दबतो, शिवाय रडारची लहर हिमातून जाताना मंदावते. नासाच्या आइससॅट-२ चा लेसर हिमाच्या पृष्ठभागावरूनच परततो, रडार बरंच आत शिरतं. दोन्हींतल्या फरकावरून हिमाचा थर कळू शकतो. त्यासाठी २०२० मध्ये क्रायोसॅट-२ ची कक्षा सुमारे ९०० मीटरने उंचावली. त्यामुळे दोन्ही उपग्रह ठरावीक काळाने, काही तासांच्या अंतराने, एकाच पट्ट्यावरून जाऊ लागले.

उन्हाळ्यात आणखी एक फसवणूक होते. बर्फावर वितळलेल्या पाण्याची डबकी साचतात आणि रडारला ती भेगांसारखीच दिसतात. त्यामुळे कित्येक वर्षं मे ते सप्टेंबरचे आकडे कोरेच राहत. २०२२ मध्ये संशोधकांनी संगणकाला डबकं आणि भेग ओळखायला शिकवलं, आणि साठवून ठेवलेल्या जुन्या प्रतिध्वनींतून मागच्या उन्हाळ्यांची जाडी काढली.