‘डोळा’ला ‘डोया’ म्हटलं तर चुकलं का?

वस्तीतल्या अभ्यासवर्गात नवीन मूल आलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कितवीत आहेस?’ ते म्हणतं, ‘पाचवीत.’ मग त्याच्यापुढे पाचवीचं पुस्तक उघडलं जातं, आणि काम तिथेच बिघडतं. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं ठरवलं. ते योग्यच आहे, कारण दहा वर्षांच्या मुलाला सहा वर्षांच्या मुलांत बसवलं तर ते फार दिवस टिकत नाही. मागे पडलेल्या मुलांसाठी विशेष प्रशिक्षणाची तरतूदही कायद्यात आहे. पण इयत्तेवरून कळतं ते मुलाचं वय. त्याला वाचता काय येतं, हे कळायला ते त्याच्याकडूनच वाचून घ्यावं लागतं.

त्यासाठी एक कागद आणि पाच मिनिटं पुरतात. १९९५ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने ही पद्धत बसवली आणि २००५पासून ‘असर’ या सर्वेक्षणात ती देशभर वापरली जाते. कागदावर चार गोष्टी असतात: सुटी अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. मूल वाक्य वाक्यासारखं वाचत असेल आणि तीनपेक्षा जास्त चुका करत नसेल तर गोष्ट द्यायची. अडखळलं तर शब्दांवर यायचं. पाचपैकी चार शब्द जमले की ते मूल ‘शब्द’ पातळीवर. तेही नाही जमलं तर अक्षरं, तिथेही पाचपैकी चार. एवढंही न जमणारं मूल ‘प्रारंभिक’ पातळीवर.

२०२४च्या ‘असर’मध्ये देशातल्या ग्रामीण भागातली तिसरीची २७.१ टक्के मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. करोनानंतर, २०२२मध्ये, हाच आकडा २०.५ होता. हे सर्वेक्षण ग्रामीण घरांचं आहे. नाग नदीकाठच्या किंवा कळमना बाजाराच्या आसपासच्या वस्त्यांमधलं मूल त्यात मोजलं जात नाही, त्यामुळे नागपुरात काम करणाऱ्या संस्थेला आपली मोजणी आपणच करावी लागते.

चाचणी सोपी दिसते, म्हणून ती चुकीची घेतली जाते. ती एकेका मुलाची, बाकीच्यांपासून दूर बसून घ्यायची. आठ डोकी भोवती जमली की अर्धी उत्तरं मागून येतात. चाचणी चालू असताना चूक दुरुस्त करायची नाही, शिकवायचं नाही, घाई करायची नाही. कागदाचे तीन-चार वेगवेगळे नमुने हवेत, नाहीतर दुसऱ्या वेळेपर्यंत परिच्छेद पाठ झालेला असतो. पाठांतर हा सगळ्यात फसवा भाग. नागपूरच्या कुठल्याही मुलापुढे ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही मारबतीच्या मिरवणुकीतली ओळ ठेवली तर ते बोट फिरवत ती घडाघडा ‘वाचेल’. मधल्याच शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ असं विचारलं की खरं कळतं. पाठ असेल तर मूल मनातल्या मनात ओळ पहिल्यापासून म्हणत त्या शब्दापर्यंत येतं. ओठ हलताना दिसतात.

आता शीर्षकातला प्रश्न. कागदावर ‘डोळा’ लिहिलंय आणि मूल ‘डोया’ म्हणतं, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतं. वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘ण’चा ‘न’ होतो. घरी ‘केयी’ खाणारं मूल वाचताना ‘केळी’ कुठून आणणार? त्याने अक्षर ओळखलं, अर्थ लावला आणि शब्द आपल्या तोंडाने उच्चारला. हे वाचन बरोबर आहे. चूक म्हणून खूण केली तर वाचणारं मूल खालच्या गटात जातं, आणि त्याहून वाईट म्हणजे आपली भाषाच चुकीची आहे असं शिकतं. शंका आली तर डोळ्याकडे बोट दाखवायला सांगावं. लेखनातला ‘ळ’ पुढे लिहिता लिहिता बसतो. उलट, ‘कमळ’ला ‘कमल’ म्हटलं तर थांबून पाहावं लागतं: घरी हिंदी किंवा छत्तीसगढी बोलणारं मूल सहज ‘कमल’ म्हणेल, पण एखाद्याने ‘ळ’ हे अक्षरच ओळखलेलं नसेल. शहराच्या कडेच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर छत्तीसगढ, बालाघाट, छिंदवाड्याकडून आलेली कुटुंबं असतात, काही घरांत गोंडी बोलली जाते. चाचणी घेणाऱ्या ताईला मुलाच्या घरची भाषा ठाऊक नसेल तर तिचा निकाल अर्धाच धरावा.

पातळी कळली की मुलांचे गट इयत्तेनुसार न करता पातळीनुसार करायचे. तिसरीची मुलगी आणि पाचवीचा मुलगा ‘शब्द’ गटात शेजारी बसतील. याचा फायदा होतो हे तपासून पाहिलेलं आहे. २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्याच्या शाळांत ‘बालसखी’ कार्यक्रम झाला: वस्तीतल्याच शिकलेल्या मुलींनी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या १५-२० मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळं बसवून पायाभूत वाचन-गणित शिकवायचं. कोणत्या शाळेत कोणत्या इयत्तेला बालसखी मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणून तुलना विश्वासार्ह होती. गुण वाढले, आणि सगळ्यात मागे असलेल्या मुलांचे सर्वाधिक वाढले. हा अभ्यास करणाऱ्यांतले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना मायकल क्रेमर यांच्यासह २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गरिबीवरचे उपाय असे प्रयोगाने तपासण्याच्या पद्धतीबद्दल.

फसलेले प्रयोगही तितकेच वाचण्यासारखे आहेत. बिहारमध्ये शाळांना नुसतं साहित्य दिलं, काही फरक पडला नाही. शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, तरी पडला नाही, कारण वर्गात पाठ्यपुस्तकच पुढे सरकत राहिलं. स्वयंसेवक जोडले तेव्हा मुलं वाचू लागली. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात शाळेबाहेरचे वाचनवर्ग झाले, तिथे येणाऱ्या मुलांना चांगलाच फायदा झाला. पण गावातली जेमतेम ८ टक्के मुलं आली. दप्तरं आणि वह्या वाटणाऱ्या प्रत्येक संस्थेने हे दोन निकाल भिंतीवर लावावेत असं मला मनापासून वाटतं. दप्तर लागतंच, पण वाचायला शिकवायला रोज समोर बसणारं माणूस लागतं, आणि मूल तिथे पोचावं लागतं.

शिकवायचं काय आणि कसं, हे मराठीच्या लिपीवर अवलंबून आहे. इंग्रजीची २६ अक्षरं तशी लवकर ओळखीची होतात, घोळ पुढे उच्चारात होतो. आपल्याकडे उलट. उच्चार सरळ, पण बाराखडी धरली की चारशेच्या वर चिन्हं डोळ्यांना ओळखावी लागतात, जोडाक्षरं वेगळीच. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नडमधल्या अक्षरवाचनाचा अभ्यास केला, तेव्हा मुलांचं अक्षरज्ञान चौथीपर्यंत वाढतच असल्याचं दिसलं. कन्नडची घडण आपल्यासारखीच आहे. त्यामुळे ‘दोन महिन्यांत बाराखडी’ ही अपेक्षाच चुकीची.

‘अ’ अननसाचा पासून ‘ज्ञ’पर्यंत क्रमाने जाण्यात तोटा असा की कित्येक आठवडे मुलाला एकही शब्द वाचायला मिळत नाही. त्याऐवजी वारंवार येणारी अक्षरं घ्यावीत: न, म, क, ल, र, ब आणि काना. एवढ्या सात चिन्हांत नाक, कान, काम, मका, लाल, मान, रान, बाक, राम, काका, मामा, बाबा, कमान असे शब्द होतात, आणि ‘बाबा, मला मका!’ असं पूर्ण वाक्यसुद्धा. पहिल्या आठवड्यात वाक्य वाचलेलं मूल दुसऱ्या आठवड्यात परत येतं. मराठीतून वाचन शिकवण्यावर फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि पालघर जिल्ह्यातल्या ‘क्वेस्ट’ या संस्थेने वर्षानुवर्षं काम केलं आहे, नव्या संस्थेने सगळं पुन्हा शोधत बसू नये.

मुलं अडकतात त्या जागा ठरावीक आहेत. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते आणि कानाला नंतर ऐकू येते. म्हणून ‘कविता’ची ‘किवता’ होते: ‘क’च्या शेजारी उभी असलेली रेघ मुलाने ‘क’ला दिली. यावर ओरडून उपयोग नाही. ‘वि’ हे एकच कार्ड करावं, आणि कार्डं जुळवून क-वि-ता लावून घ्यावं. दुसरी जागा ‘र’. तो ‘सूर्य’मध्ये डोक्यावर बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी येतो, ‘ट्रक’मध्ये छत्रीसारखा होतो आणि ‘दुसऱ्या’त मध्येच वाकतो. चारही एकाच दिवशी दाखवले की काहीच राहत नाही. एकेकाला आठवडा द्यावा.

आणि ‘संत्र्यांच्या’. नागपूरच्या मुलाला संत्रं काय ते सांगावं लागत नाही, तरी हा शब्द त्याला आडवा येतो. मधलं ‘त्र्यां’ पाहा: त, र, य, काना आणि वर अनुस्वार, सगळं एका अक्षरात. मूल हे सोडवायला तीन-चार सेकंद घेतं आणि तेवढ्यात वाक्याची सुरुवात विसरतं. कार्यस्मृती, म्हणजे चालू कामापुरतं मनात धरून ठेवायची जागा, फार लहान असते आणि काही सेकंदांतच रिकामी होते. म्हणून प्रत्येक अक्षर बरोबर वाचूनही ‘काय वाचलंस?’ला उत्तर येत नाही. मूल हुशार नाही असा त्याचा अर्थ नाही, वेग अजून आलेला नाही एवढाच आहे. पायाभूत वाचन-गणितासाठी केंद्राने २०२१ साली सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थासह, असं लक्ष्य आहे. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, ‘घरासमोरच्या’ हा एकच शब्द मोजला जातो, त्यामुळे आकडा भाषेगणिक बदलणारच. एनसीईआरटीने २०२२च्या पायाभूत अध्ययन अभ्यासात भाषावार वेगळे टप्पे ठरवले ते म्हणूनच. वेग वाढवण्याचा उपाय साधा आहे: सोपा, ओळखीचा मजकूर तीन-चारदा वाचणं. आधी ताई वाचते, मग सगळे मिळून, मग जोडीने, मग एकटं. मजकूर तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलाचा, मारबतीच्या मिरवणुकीचा असला तर पुढचा शब्द कोणता येणार याचा अंदाज मुलाला बांधता येतो.

गणितातली एक चूक जवळून पाहू. ५२ वजा २७, मूल उत्तर लिहितं ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. त्याने प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा केलं; हातचा घ्यायची पायरी त्याला नुसती मंत्रासारखी सांगितलेली असते, म्हणून ती गळते. शंभर आइस्क्रीमच्या काड्या आणाव्यात, दहा-दहाचे गठ्ठे बांधावेत. रबरबँड इथल्या उन्हात चिकट होऊन तुटतात, त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले वेढे टिकतात. पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या समोर ठेवून ‘सात सुट्या दे’ म्हटलं की मूल अडतं, आणि आपणहून एक गठ्ठा सोडतं. तो गठ्ठा सोडणं म्हणजेच हातचा. चार मुलांत शंभर काड्या पुरतात. कागदावरची मांडणी त्यानंतर, गठ्ठ्यांच्या बरोबरीनेच.

संख्यांची नावंही आपल्याकडे अवघड आहेत. २१ला ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो, लिहिताना दोन आधी. २९ म्हणजे ‘एकोणतीस’, नावात तीस आणि आकड्यात दोन. ९९ला मात्र ‘एकोणशंभर’ न म्हणता ‘नव्व्याण्णव’. २०१९मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी जोड आली तेव्हा केवढा वाद झाला! वर्गात भांडण नको, दोन्ही वापरावं: काड्या मोजताना ‘वीस आणि एक’, व्यवहारात ‘एकवीस’. भाजीच्या ठेल्यावर उभं राहणारं मूल ‘एकोणतीस रुपये’ आधीच ओळखतं.

वर्ग नव्वद मिनिटांचा पुरे, वीस मुलांमागे दोन ताया. साहित्य म्हणाल तर दुकानातले पुठ्ठे कापून केलेली शंभरेक कार्डं, जाड स्केच पेन, काड्या, एक फळा आणि पन्नासेक गोष्टींची पुस्तकं, जी मुलांच्या हाताला लागतील अशी दोरीवर टांगलेली हवीत, कपाटात बंद नकोत. नियम एकच काटेकोर पाळावा: दर तीन आठवड्यांनी पुन्हा चाचणी आणि गटबदल. नाहीतर ‘अक्षर’ गट हा कायमचा ‘ढ’ गट होतो आणि मुलं ते पटकन ओळखतात. बरीच मेहनत घेऊनही मूल हलत नसेल, पुस्तक नाकाला लावत असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते.

हजेरी हा सगळ्यात नाजूक भाग. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, बाकी महाराष्ट्रानंतर. सुट्टीत वाचन मागे जातं, म्हणून वर्ग उन्हाळ्यातही हवा, पण सकाळी सात ते साडेआठ. पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात नऊनंतर बसवणं धोक्याचं आहे. आणि ज्या मुलीच्या कडेवर वर्षाचा भाऊ असतो तिला ‘त्याला घरी ठेवून ये’ म्हणू नये. आई कामावर गेलेली असते, म्हणून तो हिच्या कडेवर आहे. कोपऱ्यात एक चटई, चार खेळणी, एक पाण्याचा माठ ठेवला की ती रोज येते.

वीटभट्टीवरची मुलं पावसाळ्याआधी निघून जातात. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आहे, गाव बदललं तरी पुढच्या शाळेत शिक्षण चालू राहावं म्हणून. त्यासोबत एक चिठ्ठी द्यावी. ‘वाचन: शब्द येतात, पहिल्या वेलांटीला अडते. वजाबाकी: गठ्ठा सोडून येते, कागदावर नाही. घरी छत्तीसगढी.’ एवढ्या तीन ओळी मिळाल्या तर पुढच्या गावच्या गुरुजींना ‘कितवीत आहेस?’ विचारून सुरुवात करावी लागत नाही.