होरसच्या डोळ्याचे सहा तुकडे नक्की कोणी केले?

प्राचीन इजिप्तमधला ससाण्याच्या डोक्याचा देव होरस आणि त्याचा वैरी देव सेत यांच्या भांडणाची गोष्ट आता बहुतेकांना माहीत असते, त्यामुळे ती पहिल्यापासून सांगत बसत नाही. सेतने डोळा फोडला, विद्येचा देव थोथ याने तो परत धड केला (एका कथेत हे काम हाथोर ही देवी करते, तेही हरणीचं दूध डोळ्यात घालून), एवढं पुरे. प्रश्न त्या डोळ्याचं पुढे काय झालं याचा आहे, आणि त्यातला निम्मा घोळ इजिप्तमध्ये झालेलाच नाही.

आधी खरा वापर बघू. सक्काराच्या एका पिरॅमिडमध्ये, साधारण इ.स.पू. २३५० च्या सुमाराला, भिंतींवर मंत्र कोरलेत. त्यात मेलेल्या राजाला भाकरी द्या, बिअर द्या, तेल द्या, प्रत्येक वस्तूला ‘होरसचा डोळा’च म्हटलंय. म्हणजे जे गेलं होतं ते परत मिळालं, हा त्यातला भाव. पुढे इ.स.पू. २००० च्या आसपासच्या लाकडी शवपेट्यांवर डाव्या अंगाला डोळ्यांची जोडी रंगवलेली दिसते, कारण प्रेत डाव्या कुशीवर, तोंड पूर्वेला करून ठेवायचे, मग त्याला पेटीतून बाहेर बघता यायला नको का! ममी करताना पोटाच्या डाव्या बाजूला चीर द्यायचे, आणि काम झालं की त्या चिरेवर डोळा कोरलेली पातळ पट्टी ठेवायचे, राजाला सोन्याची, बाकीच्यांना मेणाचीसुद्धा. आणि ताईत तर हजारोंनी सापडलेत, निळ्या-हिरव्या फायन्सचे (म्हणजे चकचकीत झिलई दिलेल्या भाजलेल्या लगद्याचे), साच्यात दाबून काढलेले, दोरा ओवायला भोक ठेवलेले. डोळा माणसाचा, भुवईसकट, पण खाली उतरणारी रेघ आणि मागे वळलेलं वेटोळं ससाण्याच्या चेहऱ्यावरच्या खुणांवरून घेतलेलं.

उजवा डोळा रा या सूर्यदेवाचा आणि डावा होरसचा हा जो नियम सगळीकडे फिरतो तो ताईतांना काही लागू होत नाही, दोन्ही बाजूंचे डोळे तसेच सापडतात. रा चा डोळा हे प्रकरणच वेगळं, ती चिडलेली देवी, तिच्यावर परत कधीतरी.

आता मुख्य भानगड. इंटरनेटवर ती आकृती असते बघा, डोळ्याचे सहा तुकडे आणि प्रत्येकावर अपूर्णांक. एका कोपऱ्याला १/२, बुबुळाला १/४, भुवईला १/८, दुसऱ्या कोपऱ्याला १/१६, वेटोळ्याला १/३२, खालच्या रेघेला १/६४. बेरीज ६३/६४ येते, आणि उरलेला १/६४ थोथने जादूने भरून काढला असं मोठ्या थाटात सांगितलं जातं. ऐकायला इतकं छान आहे की कोणी शंकाच घेत नाही.

यातला अर्धा भाग खरा आहे. हेकात नावाचं धान्याचं माप होतं, पावणेपाच लिटरच्या आसपासचं, आणि त्याचे भाग खरंच निम्म्या-निम्म्याने पाडायचे, आपल्याकडे शेराचं मापटं आणि मापट्याचं चिपटं व्हायचं तसंच. आज लंडनमध्ये असलेल्या गणिताच्या मोठ्या पपायरसमध्ये, जो इ.स.पू. १५५० च्या सुमाराचा धरतात, हे अपूर्णांक वापरलेलेही आहेत. पण तिथे डोळा नाहीये! तिथे हिशेबनीसांच्या भरभर लिहायच्या हायराटिक लिपीतल्या खुणा आहेत. त्या खुणा म्हणजे डोळ्याचे तुकडे, ही कल्पना १९११ मध्ये एका जर्मन अभ्यासकाने मांडली. १९२७ मध्ये ती प्राचीन इजिप्शियन भाषेच्या, इंग्रजीत लिहिलेल्या एका व्याकरणात गेली, आणि ते व्याकरण पिढ्यानपिढ्या शिकवलं गेल्यामुळे हे सगळं मग पाठ्यपुस्तकी सत्यच होऊन बसलं. थोथच्या जादूचा १/६४ सुद्धा तिथलाच, तोही अंदाज म्हणून लिहिलेला. आणि खरं तर जादूची गरजच नव्हती, कारण १/६४ च्या खाली मोजायला ‘रो’ नावाचं बारीक माप होतं, हेकातचा ३२० वा भाग, म्हणजे १/६४ हेकात = ५ रो. व्यापारी माणसाला हिशेब जुळवायला देव लागत नव्हता.

२००२ मध्ये एका लेखात या खुणांची जुनी रूपं तपासली गेली, आणि त्यांचा डोळ्याशी काही संबंध लागत नाही असं निघालं. नंतरच्या काळात काही लेखनिकांनी हौसेने ही सांगड घातली असेल असं मानणारे अजून आहेत, आणि तेवढं मला चालेल. पण इजिप्शियन लोक मुळात डोळ्यावरूनच गणित करायचे हे मात्र आता सोडून द्यायला हवं.

तरी ते सुटत नाही. सहा तुकडे म्हणजे सहा इंद्रियं (सहावं विचार!), मेंदूचा उभा छेद, मेंदूतली पिनियल ग्रंथी, हे मजले याच आकृतीवर चढलेत. डॉक्टरच्या चिठ्ठीवरची आरएक्स ही खूण होरसच्या डोळ्यावरून आली हेही असंच, ती लॅटिनमधल्या ‘घे’ या अर्थाच्या शब्दाची खूण आहे. डॉलरच्या नोटेवरचा डोळासुद्धा होरसचा नाही, तो युरोपातल्या ख्रिस्ती चित्रांमधून आलेला.

गंमत म्हणजे २००९ मध्ये हायरोग्लिफ, म्हणजे इजिप्तची चित्रलिपी, युनिकोडमध्ये (संगणकावर प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या यादीत) आली तेव्हा त्या व्याकरणातली चिन्हांची यादीच पाया म्हणून धरली होती, त्यामुळे अख्ख्या डोळ्यासोबत त्याच्या सहा तुकड्यांनाही स्वतंत्र जागा मिळाली. म्हणजे वाद काहीही असो, फॉन्ट असेल तर ते तुकडे आता कोणालाही टाइप करता येतात.