सलामीचा फलंदाज (नाशिक)

क्रिकेटमध्ये डावाची सुरुवात करणाऱ्या जोडीतला प्रत्येक खेळाडू म्हणजे सलामीचा फलंदाज किंवा सलामीवीर. नाशिकच्या गल्लीत टेनिस बॉलवर खेळताना ‘ओपनिंगला मीच जाणार’ म्हणून भांडणं होतात, कारण पहिला गेला की जास्त बॉल खेळायला मिळतात. लेदरचा बॉल हातात आला की या जागेचा खरा अर्थ कळतो.

नवा लाल चेंडू १५५.९ ते १६३ ग्रॅम वजनाचा, कडक आणि चकचकीत असतो. शिवण उभी असते. त्यामुळे तो हवेत वळतो, टप्पा पडल्यावर आत-बाहेर जातो आणि उसळतोही जास्त. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, म्हणजे नाशिककरांच्या गोल्फ क्लबवर, महाराष्ट्राचे रणजी सामने होतात. सामना हिवाळ्यात असेल तर सकाळचा गारवा आणि गवतावरचं दव गोलंदाजाच्या मदतीला येतात. अशा वेळी सलामीवीराचं सर्वांत मोलाचं काम म्हणजे चेंडू सोडणं. ऑफ स्टंपच्या बाहेरच्या चेंडूवर बॅट वर उचलायची, नजर चेंडूवरून हलू द्यायची नाही आणि तो यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये धप्पकन पडल्याचा आवाज ऐकायचा. धावफलकावर या मेहनतीची नोंद होत नाही. ती बॅटवर दिसते. पहिल्या तासानंतर लाल डाग मध्यावर असतील तर सकाळ चांगली गेली, कडेला असतील तर नशिबाने वाचला.

या कामाची किंमत शतकांत मोजू नये, हे भारताचे सलामीवीर चेतन चौहान यांच्या कारकिर्दीवरून सर्वांत स्पष्ट दिसतं. जन्म बरेलीचा (१९४७), पण क्रिकेट घडलं पुण्यात, कमल भांडारकरांच्या हाताखाली. १९७२-७३ च्या रणजी मोसमात महाराष्ट्राकडून खेळताना त्यांनी मधू गुप्ते यांच्यासोबत विदर्भाविरुद्ध ४०५ धावांची सलामी दिली. नाशिक जिल्हाही याच महाराष्ट्र संघाचा, त्यामुळे चौहान इथल्या सलामीवीरांचे पूर्वसूरी ठरतात.

४० कसोटींत त्यांच्या २,०८४ धावा झाल्या. १६ अर्धशतकं झाली, शतक मात्र एकही नाही. १९८१ मध्ये ॲडलेडला ते ९७ वर बाद झाले. एवढंच सांगून थांबणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. सुनील गावसकरांसोबत त्यांनी सलामीला तीन हजारांहून जास्त धावा जोडल्या. १९७९ मध्ये ओव्हलवर ४३८ धावांचं लक्ष्य समोर असताना दोघांनी २१३ ची सलामी दिली. चौहान ८० करून परतले, गावसकर २२१ पर्यंत गेले आणि भारत ८ बाद ४२९ वर, विजयापासून ९ धावा दूर थांबला. १९८१ च्या मेलबर्न कसोटीत पायचीतच्या निर्णयावर संतापलेले गावसकर चौहानांनाही सोबत घेऊन मैदानाबाहेर निघाले होते. संघव्यवस्थापकांनी सीमारेषेवर चौहानांना परत पाठवलं. तोवर सलामी १६५ ची झाली होती. चौहान ८५ वर बाद झाले आणि पुढे ऑस्ट्रेलियाचा दुसरा डाव ८३ धावांत गुंडाळून भारताने ती कसोटी ५९ धावांनी जिंकली. ते १६५ नसते तर त्या ८३ ला काय अर्थ राहिला असता?

गावसकरांच्या १२५ कसोटींतल्या १०,१२२ धावा आणि ३४ शतकं सर्वांना पाठ आहेत. पुढे वीरेंद्र सेहवागने मुलतान (३०९, २००४) आणि चेन्नई (३१९, २००८) इथे नव्या चेंडूवर तुटून पडून सलामीची व्याख्याच रुंद केली.

नाशिकमधून मुर्तझा ट्रंकवाला महाराष्ट्राकडून सलामीला खेळला. त्याच्यानंतरच्या पिढीतला डावखुरा साहिल पारख हा सेहवागच्या वाटेवरचा. सप्टेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीत १९ वर्षांखालील भारतीय संघाकडून ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ७५ चेंडूंत नाबाद १०९ धावा केल्या. तो डाव पांढऱ्या चेंडूवरचा, एकदिवसीय सामन्यातला. लाल चेंडूवर, हिवाळ्यातल्या सकाळी, पहिली दहा षटकं चेंडू सोडत राहण्याचा अभ्यास वेगळाच असतो आणि तो नेटमध्ये रोज नव्याने करावा लागतो.